चुकण्यासाठी एक मेंदू

मी बरीच वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत शिकवली. तुळई किंवा धरणाची भिंत घ्यायची, तिचे हजारो लहान तुकडे कल्पायचे आणि एका तुकड्यावर भार आला की शेजारचे किती दबतील, याचे गणित मांडत जायचे. हीच पद्धत मेंदूची शस्त्रक्रिया शिकवण्यासाठी वापरतात, हे कळले तेव्हा माझा विश्वास बसेना. आमचे पोलाद भाराखाली केसभर वाकते. मेंदू त्याहून कोट्यवधी पटींनी मऊ. तो दबतो, ताणला जातो, कापला जातो आणि त्यातून रक्त येते. हे सारे गणितात बसवायचे कसे?

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने बनवलेल्या ‘न्यूरोटच’ या यंत्रात याचे उत्तर सापडते. त्याची रचना सांगणारा शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. शिकणारा दुर्बिणीसारख्या दोन भिंगांतून मेंदूचे त्रिमिती चित्र पाहतो. त्याच्या दोन्ही हातांत अवजारे असतात. त्यांतले एक म्हणजे गाठीचा ध्वनिलहरींनी चुरा करून ती शोषून घेणारी नळी. अवजारे लहान यांत्रिक बाहूंना जोडलेली असतात. चित्रातल्या मेंदूला अवजार टेकले, की संगणक तुकड्यांचे गणित सोडवतो आणि बाहू तेवढ्याच जोराने हाताला विरोध करतो. हवेत फिरणाऱ्या हाताला काहीतरी मऊ लागते.

खरी अडचण वेळेची. डोळ्याला सेकंदाला तीसेक चित्रे पुरतात. हात अधिक चोखंदळ आहे. त्याला सेकंदाला सुमारे हजार वेळा ताजा जोर मिळाला नाही, तर स्पर्श खरखरीत, खोटा वाटतो. पुलाचे गणित आम्ही रात्रभर चालू ठेवून घरी जाऊ शकत होतो. इथे ती सवलत नाही. म्हणून कुठे बारकावा ठेवायचा आणि कुठे सोडायचा, हे ठरवावे लागते. त्यामुळे यंत्रातला मेंदू खऱ्यासारखा असतो, खरा नसतो.

२००९ साली हॅलिफॅक्समध्ये डॉ. डेव्हिड क्लार्क यांनी एका रुग्णाच्या एमआरआयवरून या यंत्रात तिचाच मेंदू उभा केला, त्यावर गाठ काढण्याचा सराव केला आणि मग प्रत्यक्ष शस्त्रक्रिया केली. अशी ही जगातली पहिली मानली जाते.

त्याआधी सराव कुठे होत होता? मृतदेहावर, प्राण्यांवर, आणि शेवटी गुरूच्या नजरेखाली माणसावर. मृतदेहातून रक्त वाहत नाही. त्यामुळे वाहत्या रक्तात हात स्थिर ठेवायचा पहिला धडा कुणातरी रुग्णावरच गिरवला जाई. त्या रुग्णाच्या बाजूने पाहिले, की या यंत्राचे मोल कळते.

पण पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी यंत्राला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वैद्यकीयच्या ७० विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला संगणकाने शिकवले, दुसऱ्याला दूरस्थ तज्ज्ञाने, तिसऱ्याला कुणीच नाही. संगणकाचे शिष्य पुढे गेले. मात्र त्याच चाचणीची आकडेवारी पुन्हा तपासून २०२३ साली मांडलेला निष्कर्ष सावध करणारा होता. या शिष्यांच्या हातून निरोगी भागाला होणारी इजा कमी झाली होती, पण त्यांच्या हालचाली मंदावल्या होत्या, आणि गाठ काढण्याच्या वेगात ते तज्ज्ञांपासून दूर गेले होते. मंद होण्याचा धडा त्यांना कुणी दिला नव्हता. यंत्र ज्या गोष्टींना गुण देत होते तेवढ्याच त्यांनी जपल्या.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. परीक्षेत जे विचारतो तेच मुले शिकतात, हा माझा जुना अनुभव. काय मोजायचे हे माणसानेच ठरवायचे असते, आणि ते चुकले तर यंत्र ती चूक इमानाने शेकडो हातांत उतरवते.

उद्या माझ्यावर टेबलावर झोपायची वेळ आली, तर सर्जनने आपल्या पहिल्या शंभर चुका यंत्रावर केलेल्या असाव्यात, असेच मला वाटेल. फक्त त्या वेळी शेजारी एखादा जुना जाणता उभा असावा, ज्याला यंत्राने न मोजलेलेही दिसते.