अजगर की घोणस? नक्षी पाहा, डोकं पाहा

पावसाळा लागला की शेताच्या बांधावर, सरपणाच्या ढिगाशी दीड-दोन फुटांचा, अंगभर तपकिरी डागांचा साप दिसतो. कुणी म्हणतं अजगराचं पिल्लू, कुणी म्हणतं घोणस. इथली चूक दोन्हीकडून महाग पडते. घोणस समजून बिनविषारी अजगर मारला जातो आणि अजगर समजून हात लावलेली घोणस जिवावर बेतते. घोणशीचं पिल्लू जन्मापासूनच विषारी असतं. म्हणून आज आपण दोघांतला फरक समजून घेऊ.

आधी नक्षी. घोणशीच्या अंगावर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. एक पाठीच्या मधोमध, दोन कुशींवर. ठिपक्यांना काळी कड असते आणि मधली रांग साखळीच्या कड्यांसारखी दिसते. अजगराच्या अंगावर मात्र ठिगळं असतात, वेडीवाकडी, लहानमोठी, जुन्या गोधडीला लावावीत तशी. अजगराची कातडी गुळगुळीत, चकाकती. घोणशीची खरखरीत आणि निस्तेज.

मग डोकं. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मान बारीक, नाकपुड्या मोठ्या. अजगराचं तोंड पुढे लांबट आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. पण घोणशीच्या डोक्यावरही खुणा असतात, म्हणून एकट्या बाणावर भरवसा नको. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी मोठ्याने फुत्कारते, पण डिवचलं तर अजगरही फुसफुसतो.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. अजगरही सगळीकडे सारखा नसतो. आपल्याकडचा रंगाने फिकट, त्याच्या डोक्यावरचा बाण नाकाकडे पुसट होत जातो. ईशान्य भारतातला बर्मी अजगर गडद, त्याचा बाण नाकापर्यंत ठसठशीत. निकोबार बेटांवरच्या अजगराच्या अंगावर जाळीसारखी नक्षी, डोक्यावर मधोमध एक बारीक काळी रेघ. परदेशात पाळलेल्या बर्मी अजगरांत तर पांढरे-पिवळेही असतात. तेव्हा मोबाइलवर आलेला कुठल्यातरी अजगराचा फोटो दारातल्या सापाशी जुळवत बसू नका.

या खुणा लांबूनच पाहायच्या. ओळख पटली नाही, तर तो विषारीच आहे असं धरून चाला. मुलांना, जनावरांना बाजूला घ्या, एकीने लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारणं, पकडणं, पाळणं हा गुन्हा आहे. शिवाय तो उंदीर-घुशी खातो, म्हणजे आपलंच धान्य राखतो.

साप चावलाच, तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, बांगड्या, जोडवी, अंगठ्या काढा आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नाही.

येत्या बैठकीत १९२६ आणि १०८ हे दोन आकडे गटाच्या वहीत आणि प्रत्येकीच्या घराच्या भिंतीवर लिहून घेऊ या.