एकास चोवीस

ट्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो ओव्हरटेक करू न देणारा, काळा धूर सोडणारा आणि पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ मिरवणारा एक अडथळा. (हे लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली. तरी दिसतंच!) पण जगात ट्रकवर जीव टाकणारी माणसं भरपूर आहेत. अमेरिकेत जुन्या ट्रकांचा इतिहास जपणारी एक संस्था १९७१ पासून चालू आहे. इटलीची इटालेरी, अमेरिकेची एएमटी अशा कंपन्या ट्रकची मॉडेल किट विकतात. खोकं आणायचं, सुटे भाग कापून चिकटवायचे, रंगवायचे. केनवर्थ मिळतो, पीटरबिल्ट मिळतो, स्कॅनियाही मिळतो. आपल्या रोडवर ज्याने अर्धं आयुष्य काढलं त्या टाटा १२१० चं किट मात्र मी कुठल्याच यादीत पाहिलेलं नाही. म्हणजे तो स्वतः मोजून, कापूनच बनवावा लागतो. तो कसा बनवायचा आणि मुळात एवढी उठाठेव का, ते सांगतो.

आधी थोडी ओळख. ट्रकच्या इतिहासात आपल्या सोलापूरचं नाव सुरुवातीलाच येतं. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो हे ट्रक बाहेर पडू लागले. टेल्को निघाली १९४५ साली, तीसुद्धा रेल्वेची इंजिनं बनवायला! १९५४ मध्ये तिने जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि टाटा-मर्सिडीज ट्रक आले. १९६९ मध्ये करार संपला, ट्रकच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी ‘टी’ हे अक्षर आलं. तिकडे मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँडचे कॉमेट बनत होते. असो, लेलँडवाल्यांनी रागावू नये, हा लेख टाटाचा आहे.

ट्रकचे आकडे म्हणजे नुसती नंबरप्लेट नव्हे, त्यात सगळी कुंडली असते. १२१० मधले १२ म्हणजे मालासकट एकूण वजन साधारण बारा टन आणि १० म्हणजे दहा गुणिले दहा, साधारण शंभर हॉर्सपॉवर. तसंच १६१३ म्हणजे सोळा टन, एकशेतीस हॉर्सपॉवर. पुढे ‘/४२’ असेल तर व्हीलबेस ४.२ मीटर. एलपीके मधला ‘के’ हा जर्मन ‘किपर’ चा, म्हणजे आपला टिपर. एसई म्हणजे सेमी-फॉरवर्ड : इंजिन अर्धं बाहेर, अर्धं केबिनच्या आत. म्हणून तर त्या गाडीला ते आखूड नाक आहे, आणि म्हणूनच ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला बाराही महिने उन्हाळा.

इंजिनाचं नाव तर थर्ड इयरच्या मुलांनी पाठ करावं असं आहे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर ९७ मिलिमीटर. स्ट्रोक १२८ धरा आणि कॅल्क्युलेटर काढा : उत्तर ५६७५ सीसी, कंपनीच्या आकड्याला तंतोतंत. ४९७ म्हणजे तेच सिलिंडर, पण चार. व्हायव्हामध्ये कुणी विचारलं तर मला चहा पाजा.

आता मुद्द्याचं. हे ट्रक कंपनीतून ‘पूर्ण’ बाहेर पडतच नसत. बाहेर पडायची ती चासी : इंजिन, चाकं, पुढचा काउल आणि स्टीअरिंग. ड्रायव्हर साध्या फळीवर बसून, ऊनपाऊस खात ती बॉडी बांधणाऱ्याकडे न्यायचा. तिथे सुतार, लोहार, वेल्डर आणि पेंटर मिळून केबिन, टप, हौदा आणि मागचा फाळका उभा करायचे. कागदावर काही नाही, सगळं मिस्त्रीच्या हातात. हौदा किती उंच, खांब किती अंतरावर, टपावर ताडपत्री ठेवायला कठडा हवा का, हे मालक तिथेच उभा राहून सांगायचा. म्हणून चासी नंबर सोडला तरी दोन १२१० सारख्या नसतात. चासीचं ड्रॉइंग कंपनीकडे असणारच. हौद्याचं मात्र कधी काढलंच नव्हतं. आपण ज्याला ‘आपला ट्रक’ म्हणून ओळखतो तो बहुतेक सगळा या न काढलेल्या ड्रॉइंगमध्ये आहे. हौशी माणसाने बनवलेल्या मॉडेलला म्हणूनच शोपीसपेक्षा जास्त किंमत आहे. त्यासाठी घेतलेली मापं हीच त्या गाडीची पहिली आणि बहुधा शेवटची नोंद असते.

मग मापं घ्यायची कुठे? आमच्या करकंबला या. पंढरपूर-टेंभुर्णी रोडवरचं हे गाव. इथे विठ्ठलराव शिंदे कारखान्याचं युनिट दोन आहे आणि आसपासच्या तालुक्यांतही कारखानेच कारखाने. हंगाम सुरू झाला की एरवी झाडाखाली उभे असलेले जुने ट्रक पण पुसून-बिसून बाहेर निघतात. लांब पल्ल्याला चालत नाहीत, पण फडातून काट्यापर्यंत मोळ्या वाहायला अजून दम आहे. शिवाय कारखान्यावर नंबर लागेपर्यंत गाडी तासन् तास हलत नाही. असं शांत मॉडेल कुठल्या आर्ट स्कूललाही मिळणार नाही. फक्त विचारून हात लावायचा. “मामा, जरा गाडीची मापं घेऊ का?” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “घे की! आरटीओचा हायस का काय?” एकदा हशा झाला की मामा स्वतः टेपचं दुसरं टोक धरतात आणि हौदा कुठे बांधला, फाळका कधी बदलला, हे न विचारता सांगतात. तेही वहीत लिहायचं, मापाच्या शेजारीच.

फोटो काढताना अगदी समोरून किंवा अगदी बाजूने काढा, लांब जाऊन झूम करून. जवळून काढला की पुढचं चाक मोठं आणि मागचं बारीक येतं. फ्रेममध्ये एक मीटरची काठी उभी ठेवली की राहिलेली मापं नंतर रूमवर फोटोवरून काढता येतात.

स्केल कुठलं घ्यायचं? जगभर ट्रकच्या किटला एकास चोवीस किंवा एकास पंचवीस चालतं. मी चोवीस घेतो. ४.२ मीटरचा व्हीलबेस १७५ मिलिमीटर होतो, ९.००-२० चा टायर साधारण साडेबेचाळीस मिलिमीटरचा, आणि अख्खी गाडी होस्टेलच्या कपाटात मावते. काडेपेटीची काडी दोन मिलिमीटर जाड, म्हणजे चोवीसपट केली की अठ्ठेचाळीस : हौद्याच्या दोन इंची खांबाला फिट्ट! फळ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या घासून निम्म्या करायच्या. केबिनला माउंटबोर्ड किंवा तेलाच्या डब्याचा पत्रा. इथे एक गोची आहे. खरा पत्रा एक मिलिमीटरचा, त्याचा चोवीसावा भाग म्हणजे कागदाहून पातळ. तो काही बनत नाही. म्हणून फक्त दिसणाऱ्या कडा, म्हणजे दरवाजा, मडगार्ड, घासून पातळ करायच्या. डोळा तेवढ्यावर फसतो. थर्मोकोल मात्र नको, स्प्रे पेंटने तो विरघळतो.

सगळ्यात मजा कमानपाट्यांची. आपण म्हणतो, खऱ्या पाट्याचा चोवीसावा भाग पोलादात केला की झालं. पण लांबी चोवीसपट कमी झाली की वजन चोवीसच्या घनाने, म्हणजे १३,८२४ पट कमी होतं. बारा टनांचा भरलेला ट्रक ८६८ ग्रॅमचा होतो. स्प्रिंगचा ताठपणा मात्र फक्त चोवीसपटच घटतो. परिणाम काय? खरा पाटा १०० मिलिमीटर दबत असेल तर मॉडेलचा दबायला हवा चार मिलिमीटर, आणि दबतो जेमतेम ०.१७! म्हणजे पाटा आहे की दगड, कळायचं नाही. उपाय दोन. पोलाद वापरायचं तर जाडी स्केलच्या साधारण एक-तृतीयांश ठेवायची, कारण ताठपणा जाडीच्या घनावर जातो. नाहीतर पोलादापेक्षा चोवीसपट लवचीक वस्तू शोधायची. आकाशकंदिलाच्या बांबूच्या कामट्या तासून पातळ केल्या की त्या याच्या बऱ्यापैकी जवळ जातात. ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ मला कळलं ते बीमच्या गणितांपेक्षा या कामट्यांमुळे जास्त, सरांची माफी मागून.

रंगाला सगळ्यात शेवटी हात घालायचा आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, असं माझं मत. बरेच मॉडेलवाले इंजिनाच्या नटबोल्टवर जीव टाकतात, पण बॉनेट उघडून बघणारे किती? आपल्या ट्रकची ओळख पेंटरच्या ब्रशमध्ये आहे : फाळक्यावरचं कमळ, टपावरचं ‘आई’, मुलांची नावं, इंडिकेटरभोवतीची नक्षी, आरशाला बांधलेली काळी बाहुली. पाकिस्तानातल्या बेडफर्ड ट्रकांच्या रंगकामावर जगात कौतुक होतं. आपल्याकडचं तेवढं भडक नाही, पण प्रत्येक गावच्या पेंटरचं अक्षर वेगळं आहे. ते कॉम्प्युटरच्या फाँटने छापून चिकटवू नका. ‘शून्य’ नंबरचा ब्रश घ्या आणि हातानेच लिहा. थोडं वाकडं आलं तरी खरं दिसतं.

हे सगळं आत्ताच का, तर या गाड्या झपाट्याने जाताहेत. २०२१ मध्ये स्क्रॅपचं धोरण आलं, २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या अवजड गाड्यांच्या फिटनेसची फी कित्येक पटींनी वाढली. धोरण चूक आहे असं मी म्हणत नाही. त्या धुरामागून स्कूटीवर जाणाऱ्याला विचारा! नव्या ट्रकला कंपनीचीच केबिन असते, एसीसुद्धा आलाय, आणि ड्रायव्हरच्या डाव्या मांडीसाठी ते उत्तमच आहे. पण भंगारात कटरखाली पहिला जातो तो हौदा, कारण लाकडाला भाव नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छोट्या रेल्वेचं अख्खं म्युझियम उभं केलं, १९९८ पासून लोक तिकीट काढून बघतात. रेल्वेचं ड्रॉइंग कुठेतरी असतंच, तरी एवढं कौतुक. ट्रकचं तर तेही नाही.

हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. येताना दोन टेप आणा, एक पाच मीटरची आणि एक लांब, कारण हौद्याचा कर्ण छोट्या टेपने नीट येत नाही. खडू, वही, मीटरची काठी आणि मामांसाठी तंबाखूऐवजी चहाचे पैसे. कर्ण दोन्हीकडून घ्या. जुन्या हौद्याचे दोन्ही कर्ण कधीच सारखे येत नाहीत, आणि किती फरक आहे तो आकडा मॉडेलमध्ये तसाच उतरवायचा असतो.