विद्युत सायकलच्या मोटरमधील दंतचक्र : झीज, दोषनिदान व दुरुस्ती

प्रस्तावना :

विद्युत सायकल हे आता नवलाईचे वाहन राहिलेले नाही. महाविद्यालयात येणारे विद्यार्थी, घरपोच माल पोहोचविणारे तरुण आणि चढाच्या रस्त्याने कामावर जाणारे कर्मचारी तिचा वापर करताना दिसतात. भारतातील मोटार वाहन नियमांनुसार पायडल साहाय्य असलेल्या अशा सायकलची मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीची असावी लागते आणि ताशी २५ किलोमीटर वेगाला मोटरचे साहाय्य थांबावे लागते. एवढ्या लहान मोटरला माणसासह सायकल ओढता येते, याचे श्रेय बहुतांशी तिच्या आतील दंतचक्रांना, म्हणजेच व्यवहारातील गिअरना जाते. हे गिअर झिजले वा मोडले, की पुष्कळदा संपूर्ण मोटर बदलण्याचा सल्ला दिला जातो. वस्तुतः तांब्याची वेटोळी, चुंबके व कवच सुस्थितीत असतात. निकामी झालेला असतो तो तळहातावर मावणारा नायलॉनचा भाग. हा भाग का झिजतो, दोष कसा ओळखावा आणि दुरुस्ती कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दंतचक्रांचे कार्य :

चाकाच्या तुंब्यात बसविलेल्या गिअरयुक्त मोटरमध्ये ग्रहीय रचना असते. मध्यभागी मोटरच्या फिरत्या भागाला जोडलेले सूर्यचक्र, त्याभोवती तीन ग्रहचक्रे आणि बाहेर कवचाला जोडलेले वलयचक्र असा तिचा क्रम असतो. उदाहरणादाखल, सूर्यचक्राला १६, ग्रहचक्राला ३२ व वलयचक्राला ८० दाते आहेत असे मानू. ग्रहचक्रांचा वाहक स्थिर असल्यास मोटरचे पाच फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटर वेगाने मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. तेव्हा आतील मोटर सुमारे १००० फेरे घेत असते. घर्षणातील व्यय सोडल्यास वेग जितक्या पटीने घटतो, तितक्याच पटीने टॉर्क वाढतो. म्हणूनच लहान व हलकी मोटर चढावर उपयोगी पडते.

झीज होण्याची कारणे :

ग्रहचक्राचा प्रत्येक दाता एका फेऱ्यात दोनदा काम करतो. सूर्यचक्राशी गाठ पडते तेव्हा त्याच्या एका बाजूवर दाब येतो आणि वलयचक्राशी गाठ पडते तेव्हा दुसऱ्या बाजूवर. म्हणजे दाता आलटून पालटून दोन्ही दिशांना वाकतो. वरील उदाहरणात ग्रहचक्र मिनिटाला ५०० फेरे घेते. एका तासात प्रत्येक दाता प्रत्येक दिशेला ३०,००० वेळा वाकतो. परिणामी दात्याच्या मुळाशी सूक्ष्म भेगा पडतात.

यात उष्णतेची भर पडते. चढावर वेग मंदावतो, विद्युतप्रवाह वाढतो आणि बंद कवचातील उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापलेला नायलॉन मऊ होतो. ग्रीस सुकले असेल, बेअरिंग सैल झाले असेल किंवा कंट्रोलरची प्रवाहमर्यादा वाढविली असेल, तर ही प्रक्रिया अधिक वेगाने घडते.

दोषनिदान :

मोटर आतल्या आत गरगर फिरते, परंतु चाक ओढत नाही, हे दाते मोडल्याचे ठळक लक्षण होय. ठरावीक अंतराने येणारा कट्‌कट् आवाज एखाद-दुसरा दाता तुटल्याचे सुचवितो. मोटर नुसतीच थरथरत असेल, तर दोष बहुधा वायर किंवा हॉल सेन्सरमध्ये असतो.

बॅटरी काढून एक सोपी चाचणी करता येते. चाक पुढे फिरविल्यास ते सहज फिरावे; उलट फिरविल्यास मोटरचा स्पष्ट विरोध जाणवावा. दोन्ही दिशांना ते मोकळे फिरत असेल, तर दाते मोडले आहेत किंवा एकदिश क्लच निकामी झाला आहे असे समजावे. दोन्ही दिशांना विरोध असेल, तर क्लच अडकलेला असण्याची शक्यता अधिक.

दुरुस्तीची पद्धत :

१) बॅटरी वेगळी करावी. मोटरच्या वायरचा जोड सोडवावा व टॉर्क वॉशरची दिशा नोंदवून चाक काढावे.

२) काही मोटरींचे झाकण स्क्रूंनी, तर काहींचे आट्यांवर बसविलेले असते, दुसऱ्या प्रकारासाठी विशिष्ट पान्हा लागतो. आतील भाग सुटत नसल्यास अॅक्सलच्या टोकाशी नट ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोकावे, म्हणजे आटे खराब होत नाहीत. चुंबकांच्या ओढीत बोटे सापडणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

३) सर्क्लिप काढून क्लचसह ग्रहचक्रे बाहेर घ्यावीत. घट्ट असल्यास पुलर वापरावा.

४) नवा संच घेताना दात्यांची संख्या, बाह्यव्यास, जाडी व बेअरिंगचे माप जुळवावे. सरळ दात्यांच्या प्रमाणित चक्रासाठी बाह्यव्यासाला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून आलेल्या अंकाने भागले, की मॉड्यूल मिळतो. ३२ दाते व ३४ मिलिमीटर व्यास असल्यास मॉड्यूल १ येतो. तिरक्या दात्यांना हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही.

५) एकच चक्र मोडले असले तरी तिन्ही बदलावीत. नवे व झिजलेले चक्र एकत्र असल्यास भार समान वाटला जात नाही.

६) नायलॉनचा चुरा पूर्णपणे काढावा. वेटोळ्यांवर रॉकेल वा द्रावक पडू देऊ नये. प्लॅस्टिकला चालणारे ग्रीस दात्यांच्या खाचांत भरावे. जास्त झाल्यास ते वेटोळ्यांवर उडते. क्लचच्या रोलरना दाट ग्रीस लावू नये. ते चिकटून क्लच घसरतो.

७) जोडणीनंतर चाक प्रथम हाताने, मग अधांतरी मंद वेगाने फिरवून पाहावे आणि त्यानंतरच रस्त्यावर न्यावे.

पोलादी दंतचक्राचा पर्याय :

पोलादी चक्र बसविल्यास प्रश्न कायमचा मिटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. ते मजबूत असते हे खरे. परंतु आवाज वाढतो आणि अतिभार पडल्यास आघात सूर्यचक्र, क्लच किंवा अॅक्सलवर जातो. नायलॉनचे चक्र एका अर्थी घरातील फ्यूजसारखे आहे : ते स्वतः मोडून महागडे भाग वाचविते. त्रिमित मुद्रणाने केलेली चक्रे तात्पुरती चालतील. मात्र मुद्रित थरांमधील जोड कमकुवत असतो आणि पीएलए हे सर्वसामान्य प्लॅस्टिक उष्णतेने लवकर मऊ पडते.

समारोप :

गिअर बदलणे हा दुरुस्तीचा अर्धा भाग आहे. तो का मोडला याचा शोध घेणे हा उरलेला अर्धा. कारण तसेच राहिल्यास नवा संचही त्याच मार्गाने जातो. उभ्या सायकलला गती देताना आणि चढावर पायडलची जोड दिल्यास दात्यांवरील ताण निश्चित घटतो. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व पोर्टल सुरू केले. परंतु सुटे भाग आणि त्यांची मापे उपलब्ध नसतील, तर हा हक्क कागदावरच राहील. महाविद्यालयीन कार्यशाळेत अशी एक मोटर उघडून दात्यांची मोजणी व मापांची नोंद करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल. त्यातून टॉर्क आणि श्रांती या संकल्पना प्रत्यक्ष हाताळता येतील, आणि कोणाची तरी सायकल पुन्हा रस्त्यावर येईल.