रीळ घटते, ताण मात्र तोच हवा!
छापखान्यात कागद न तुटण्यामागचे तंत्र

वृत्तपत्राचा अंक सुट्या कागदांवर नव्हे, तर सलग धावणाऱ्या कागदी पट्ट्यावर छापला जातो. यंत्राच्या एका टोकाला न्यूजप्रिंटचे रीळ उलगडत जाते, कागद छपाईच्या सिलिंडरांमधून धावतो आणि दुसऱ्या टोकाला कापलेले, घडी घातलेले अंक बाहेर पडतात. मध्येच कागद तुटला तर सारे यंत्र थांबवून तो नव्याने ओवावा लागतो. शहर आवृत्तीच्या वेळी असे घडले, की पहाटेचे वितरणच कोलमडते. म्हणूनच रिळापाशी बसवलेल्या ताण-नियंत्रकाला छापखान्यात मोठे महत्त्व आहे.

धावत्या कागदावर ठरावीक ताण असावाच लागतो. तो कमी पडला तर कागदाला सुरकुत्या पडतात, रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत आणि छायाचित्रे धूसर दिसतात. तो वाढला तर कागद तुटतो. छपाईतील सरासरी ताण कागदाच्या ताकदीपेक्षा बराच कमी असतो. घात करतो तो अचानक बसणारा हिसका. त्यातच कागदाची कड फाटलेली असेल, तर पाहायलाच नको.

दहापट फरक

ही वरवर सोपी वाटणारी गोष्ट अवघड होते ती रीळ सतत घटत असल्याने. एक मीटर व्यासाच्या व तेवढ्याच रुंदीच्या रिळाचे वजन सुमारे ५०० किलो असते आणि त्यावर अंदाजे ११ किलोमीटर कागद गुंडाळलेला असतो. सेकंदाला १० मीटर वेगाने तो १९ मिनिटांत संपतो. सुरुवातीला रीळ मिनिटाला सुमारे १९० फेरे घेते. व्यास १० सेंटिमीटरवर आला की तेच फेरे १९०० वर जातात.

कागद ताणलेला राहावा म्हणून रिळाला ब्रेक लावलेला असतो. ताण म्हणजे ब्रेकचा पीळ भागिले रिळाची त्रिज्या. त्यामुळे तोच ताण राखण्यासाठी अखेरीस ब्रेकचा जोर सुरुवातीच्या एक दशांश करावा लागतो. हे काम नियंत्रक करतो. लोडसेल किंवा वर-खाली झुलणारा 'डान्सर' रूळ त्याला ताणाची खबर देतो. चूक आता किती आहे, आजवर किती साचली आणि किती वेगाने बदलते आहे, या तीन गोष्टींवरून नियंत्रक ब्रेक कमी-अधिक करतो. या पद्धतीचे सैद्धान्तिक विवेचन निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजाच्या सुकाणूसंदर्भात केले होते.

ट्यूनिंगचा पेच

या तिन्ही गोष्टींना किती वजन द्यायचे हे ठरवणे म्हणजे ट्यूनिंग. झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये मांडलेली पद्धत प्रसिद्ध आहे. त्यात आधी केवळ पहिल्या घटकाची तीव्रता यंत्रणा एकसारखी हेलकावू लागेपर्यंत वाढवायची आणि मग ती निम्म्याच्या आसपास आणायची. धावत्या छपाईत मात्र इतके ताणून चालत नाही. हेलकाव्याची चाहूल लागताच थांबणे शहाणपणाचे.

खरा पेच पुढेच आहे. भरलेल्या रिळावर उत्तम चालणारी तीव्रता गाभ्याजवळ दहापट आक्रमक ठरते. डान्सर थरथरू लागतो आणि कागद तुटतो. उलट, गाभ्याशी जुळवलेली तीव्रता भरलेल्या रिळावर फार सुस्त पडते. म्हणून एकच आकडा पुरत नाही. कागदाचा वेग आणि रिळाचे फेरे यांवरून व्यास काढून तीव्रता त्यानुसार बदलावी लागते आणि चाचणी भरलेल्या व संपत आलेल्या, अशा दोन्ही रिळांवर घ्यावी लागते. वेग वाढवताना व यंत्र थांबवताना जड रिळाचे जडत्व आड येते. त्याची भरपाई वेगळी ठेवावी लागते.

त्याआधी यांत्रिक दोष तपासणे आवश्यक असते. अडकणारा ब्रेक किंवा आदळल्याने लंबगोल झालेले रीळ यांवर ट्यूनिंग हा उपाय नव्हे. लंबगोल रीळ प्रत्येक फेऱ्याला हिसका देते. नियंत्रक त्यामागे धावू लागला तर दोष वाढतोच. आकड्यांना हात लावण्यापूर्वी रीळ हाताळणाऱ्यांकडे लक्ष द्यावे लागते ते यासाठीच.