मोठा शब्द शोधताना कान बंद ठेवा

आज ऐकण्याबरोबर थोडं लिहायचंही आहे, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ घ्या. मी सहा इंग्रजी अक्षरं सांगतो: आर, ई, टी, आय, एन, ए. ही सहाही अक्षरं ज्यात आहेत असा याहून मोठा शब्द शोधायचाय. क्रम कसाही चालेल, मध्ये दुसरी अक्षरं आली तरी चालतील.

आता बघा, बहुतेकांनी मनातल्या मनात ‘रेटिना’ असं वाचलं असणार. आणि एकदा ‘रेटिना’ कानात बसला की दुसरं काही सुचत नाही. मग आपण म्हणतो, ‘माझं इंग्रजीच कच्चं, मला हे जमायचं नाही.’ माझं म्हणणं असं की इथे आडवं येतं ते इंग्रजी नाही, आपला कान आडवा येतो.

याचं कारण आपल्या लिपीत आहे. देवनागरीत साधारण बोलतो तसं लिहितो. ‘की’ची वेलांटी ‘क’ला चिकटलेली, ती सुटी काढून दुसरीकडे लावायची आपल्याला सवय नाही. इंग्रजी अक्षर मात्र सुटं असतं, आणि जागा बदलली की त्याचा आवाजही बदलतो. ‘लिसन’ शब्दात टी आहे, पण तो गप्प बसलेला असतो. त्याच सहा अक्षरांची जागा बदला, ‘सायलेंट’ होतो, आणि तोच टी स्पष्ट ऐकू येतो.

म्हणून पहिली युक्ती: अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावा. ए, ई, आय, एन, आर, टी. हे काही धड वाचता येत नाही, आणि तोच त्याचा फायदा. आता एकेक नवं अक्षर मिसळून बघा. सी घातला की ‘सर्टन’. जी घातला की ‘ग्रॅनाइट’. पी घातला की ‘पेंटर’. एम घातला की ‘मिनरेट’, म्हणजे मिनार. के घातला की ‘केराटिन’, आपल्या केसांत आणि नखांत असतं ते प्रथिन. यातला एक तरी शब्द ‘रेटिना’सारखा ऐकू येतो का?

दुसरी युक्ती: दुर्मिळ अक्षरापासून सुरुवात करा. समजा झेड, ई, आर, ए दिलीत. ई आणि ए तर हजारो शब्दांत सापडतील, झेड मोजक्याच. झेड कुठे येतो? ‘-आइझ’ या शेपटीत. ती बाजूला ठेवली की ‘ऑर्गनाइझ’, ‘रिअलाइझ’ असे शब्द पुढे येतात. आय, एन, जी एकत्र दिसले की ‘-इंग’ची शेपटी अशीच आधी बाजूला काढायची.

तिसरी गोष्ट युक्ती नाही, सावधगिरी आहे. अक्षर नुसतं आहे का ते बघू नका, किती वेळा आहे ते मोजा. ‘लेटर’ म्हणजे पत्र, यात दोन टी आहेत. ‘रिलेट’मध्ये एल, ई, टी, आर सगळी आहेत, ई दोनदाही आहे, पण टी एकच. म्हणजे तो शब्द बाद.

संगणकाकडून हे काम करून घेतानाही मार्ग हाच. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावायची, आणि दोन ओळींवर दोन बोटं ठेवून पुढे सरकायचं. ‘कंटेनर’ची ओळ होते ए, सी, ई, आय, एन, एन, ओ, आर, टी. आपल्या सहा अक्षरांची ओळ हिच्याखाली ठेवा. ए जुळला, सी सोडा, ई जुळला, आय जुळला, एन जुळला, दुसरा एन आणि ओ सोडा, आर आणि टी जुळले. काम फत्ते. ‘कार्पेंटर’ घेतला तर ई नंतर आय हवा, पण ओळ थेट एनवर गेलेली. आय मागे राहिला, आता तो पुढे येणार नाही. तिथेच थांबायचं. उच्चार, अर्थ, काही लागत नाही.

स्क्रॅबलमध्ये हेच कौशल्य कामाला येतं. हातातल्या सातही सोंगट्या एका खेपेत लावल्या की ५० गुण जादा मिळतात, त्यामुळे मोठ्या शब्दाला फार किंमत. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद जिंकलं. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांनी शब्द पाठ केले होते, अक्षरांच्या रांगा म्हणून. स्मरणशक्ती अफाट, हे खरंच. पण भाषा कानावर नसताना ते जिंकले, हेही खरं. तेव्हा ‘इंग्रजी कच्चं’ ही सबब इथे फारशी चालत नाही.

आता घरी करून बघा. ‘मास्टर’ची सहा अक्षरं: एम, ए, एस, टी, ई, आर. ती आधी क्रमाने लावा, त्यात एच मिसळा, आणि पिंजऱ्यात पाळतात तो छोटा प्राणी शोधा. फक्त तोंडाने पुटपुटू नका. कागदाकडे बघा.