सारखं दिसतं, म्हणून काय?

पीएचडीचं माझं पहिलं प्रपोजल परत आलं तेव्हा गाईडनी समासात एवढंच लिहिलं होतं: ‘सारखं दिसतं, म्हणून काय?’ विषय रसायनशास्त्राचा. पण तो शेरा मला नीट कळला होमरच्या ‘ओडिसी’मुळे.

ओडिसियस वीस वर्षं घराबाहेर असतो: दहा युद्धात, दहा परतीच्या वाटेवर. इथाकात पेनेलोपी थांबलेली. शीवच्या खोलीत हे वाचताना मला थेट आजीच दिसली. आजोबा परळच्या गिरणीत, आजी मालवणकडे. भेट गणपतीला, जमलं तर शिमग्याला. गिरणगावातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बरेच जण गावी गेले ते कायमचेच. आजोबाही. म्हटलं, झालं! गिरणगावची पेनेलोपी सापडली.

आजीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “वाट बघूक येळ खंय होतो? लावणी कोण करतलो?” शिवाय दर महिन्याला मनीऑर्डर यायची. ओडिसियसने तर वीस वर्षांत साधा निरोप धाडला नाही.

आता बघा, ‘नवरा लांब, बायको वाट पाहते’ हे खलाशी, सैनिक, आखातातले कामगार, सगळ्यांना लागू पडतं. जे निरीक्षण कुठल्याही हायपोथिसिसमध्ये बसतं, ते एकही सिद्ध करत नाही.

गंमत म्हणजे पेनेलोपीला हे पक्कं ठाऊक होतं. 23व्या सर्गात नवरा समोर आहे. दाईने पायावरचा व्रण ओळखलाय, मुलगा चिडलाय, तरी ही मानत नाही. दासीला सांगते, त्यांचा पलंग बाहेर आणून घाल. तो भडकतो: पलंगाचा खांब म्हणजे जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हचा बुंधा, तो हलेलच कसा? हे त्या दोघांखेरीज एका दासीलाच माहीत. तोतया इथे हमखास नापास झाला असता. टेस्ट अशी हवी!

मग माझ्या तुलनेतून ‘वाट पाहणं’ काढून टाकलं. उरलं काय? पेनेलोपी सासऱ्यासाठी कफन विणते, रात्री उसवते, तीन वर्षं मागणी घालणाऱ्यांना झुलवते. घर टिकवते ती, घर मात्र ओडिसियसचं. आजीही सासऱ्यांचं करायची, शेत बघायची; सातबारावर तिचं नाव नव्हतं. ही तुलना कुठे मोडेल तेही सांगता येतं: मागे कारभार दीर पाहत असेल, तर ती लागू नाही.

त्यासाठी वाडीतल्या आणखी काही आज्यांशी बोलायला हवं. आजी म्हणते, शिमग्याला ये, सगळ्या असतील.