दिडकी येते का?

पायलट व्हायचं ठरलं की घरात बारावीच्या गणितावरची धूळ झटकली जाते. इंटिग्रेशनपासून मॅट्रिक्सपर्यंत सगळी उजळणी सुरू. ती धूळ खुशाल तशीच राहू द्या. त्यापेक्षा आजोबांच्या काळातली अंकलिपी मिळाली तर बघा, पावकी-निमकीची.

सेसना १५२ हे शिकाऊ विमान साधारण ९० नॉटनं जातं. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. तासाची मिनिटं ६०, म्हणून ९० नॉट म्हणजे मिनिटाला दीड मैल. पुढची खूण २७ मैलांवर असेल तर १८ मिनिटं. ही सरळ दिडकी. वेग ७५ असला की सवायकी, १५० असला की अडीचकी. एका हातात कंट्रोल आणि कानात रेडिओ असताना कॅल्क्युलेटर कोण शोधणार?

आडव्या वाऱ्याचंही तेच. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉटचा वारा येत असेल, तर आडवा भाग निम्मा, १० नॉट. साइन ३० म्हणजे अर्धा. १५ अंशांना पाव, ४५ला पाऊण, ६०च्या पुढे सगळाच धरायचा. ४५चा खरा आकडा ०.७१ आहे, पण पाऊण धरल्यानं चूक सावधपणाच्या बाजूला पडते. मला तर त्रिकोणमिती शाळेत अशीच शिकवायला हवी होती असं वाटतं.

डीजीसीएच्या नॅव्हिगेशनच्या पेपरला ७० टक्के लागतात. त्यात सोपा म्हणून दुर्लक्षिला जाणारा भाग एककांचा: लिटर, गॅलन, किलो, पौंड. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून निघालं, तेव्हा त्याचे इंधनकाटे बंद होते. म्हणून पट्टीनं इंधन मोजलं: ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला सुमारे ०.८नं गुणायचं, गुणलं गेलं १.७७नं. हा आकडा लिटरचे पौंड करण्याचा. कंपनी नुकतीच किलोकडे वळत होती. त्यामुळे २०,००० लिटरच्या जागी ५,००० सुद्धा भरले गेले नाहीत. बेरीज-गुणाकारात एकही चूक नव्हती, हे विशेष.

४१,००० फुटांवर इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात संपलं. दोन्ही इंजिनं बंद, आत ६९ माणसं. सहवैमानिकानं तिथेच पुन्हा आकडेमोड केली. दहा सागरी मैलांत पाच हजार फूट उंची गेली होती. दहा मैल म्हणजे साठ हजार फूट धरले तर एक फूट खाली जाताना विमान बारा फूट पुढे सरकत होतं. या हिशेबानं विनिपेगचा विमानतळ गाठता येत नव्हता. गिमलीचा जुना हवाईतळ येत होता.